दोन ट्रॉल्या आणि एक ब्रेक

ट्रॅक्टर घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एचपीचा? पंचेचाळीसचा असेल तर एक ट्रॉली आरामात, पन्नासच्या पुढे असेल तर दोन, असा हिशोब तिथल्या तिथे होतो आणि सौदाही त्याच हिशोबावर ठरतो. जालना जिल्ह्यात हा हिशोब रोज रस्त्यावर उतरलेला दिसतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांत पाणी आणले, पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे ट्रॉल्या आल्या. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की अंकुशनगर, तीर्थपुरी या कारखान्यांच्या वाटेवर एका हेडमागे, म्हणजे ट्रॅक्टरमागे, दोन भरलेल्या ट्रॉल्या अशी रांग लागते. उसाची वाहने वडीगोद्री-शहागड पट्ट्यात धुळे-सोलापूर महामार्गावर येतात, तेव्हा त्यांच्या शेजारून ऐंशी-नव्वदच्या वेगाने मोटारी जात असतात. जिल्ह्याच्या उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे कापूस आणि मका, जालन्याच्या बाजाराकडे मोसंबी, शहरातल्या रोलिंग मिलमधून सळई, सगळे ट्रॉलीतूनच हलते. एवढ्या मोठ्या वाहतुकीत ‘किती ओढतो’ हा एकच प्रश्न विचारला जातो. ‘किती थांबवतो’ हा दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि ओढवाहनाची खरी क्षमता त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असते. या प्रकरणाचा मुद्दा एवढाच आहे: ट्रॉलीत किती वजन घालायचे हे इंजिनाने ठरवू नये, ब्रेकने ठरवावे, आणि तो ब्रेक ट्रॉलीच्या स्वतःच्या चाकांवर असावा.

पहिला प्रश्न माणसाला फसवतो, कारण सपाट डांबरी रस्त्यावर वजन ओढायला फार थोडा जोर लागतो. हवा नीट भरलेल्या टायरवरची गाडी हळू चालत असेल तर तिच्या एकूण वजनाच्या साधारण दोन टक्के जोर तिला चालते ठेवायला पुरतो. समजा ट्रॅक्टरचे वजन सव्वादोन टन आहे. मागे चारचाकी दोन ट्रॉल्या, प्रत्येकीचे रिकामे वजन दोन टन आणि प्रत्येकीत आठ टन ऊस. सगळे मिळून बावीस टनांच्या थोडे वर जाते. याचे दोन टक्के म्हणजे जेमतेम साडेचारशे किलोचा जोर. खालच्या गिअरमध्ये लहान ट्रॅक्टरसुद्धा तो सहज काढतो. म्हणून ट्रॉल्या निघतात, चालतात, चालकाला इंजिनावर ताण जाणवत नाही आणि वजन बेताचेच आहे असे वाटते. पण जो गुण वजनाला चालायला मदत करतो तोच त्याला थांबू देत नाही. दोन टक्क्यांच्या अडथळ्याने बावीस टन आपोआप उभे राहायचे म्हटले तर बरेच अंतर जाईल. बाकीचे सगळे काम ब्रेकला करावे लागते, आणि ब्रेक आहेत फक्त हेडला, तेही बहुतेक ट्रॅक्टरांत फक्त मागच्या दोन चाकांना.

आता त्या दोन चाकांकडून काय अपेक्षा आहे ते पाहू. ब्रेक कितीही चांगला असला, तेलात बुडालेल्या डिस्कचा असला, तरी तो चाक अडवतो. गाडी अडवते ती टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. पकड चाकावर पडलेल्या भारावर अवलंबून असते. सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरचा साधारण साठ टक्के भार मागच्या चाकांवर असतो, म्हणजे सुमारे तेराशे किलो. कोरड्या डांबरावर त्याच्या सत्तर टक्के पकड धरली तर अडवणारा जोर मिळतो नऊशे किलोचा. बावीस टनांच्या तुलनेत हा चार टक्के झाला. टायरचा आपला दोन टक्क्यांचा अडथळा त्यात मिळवला तर सहा टक्के. ताशी २५ किलोमीटर वेगाने चाललेली ही गाडी ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत सुमारे ४० मीटर जाते. चालकाच्या लक्षात येऊन पाय पेडलवर जाईपर्यंतचे सात-आठ मीटर वेगळे. तोच ट्रॅक्टर ट्रॉल्या सोडून एकटा त्याच वेगाने चालला असता तर सहा मीटरांत थांबला असता. शेतातून घरी, घरून बाजारात एकट्या ट्रॅक्टरवर वर्षभर फिरलेल्या पायाला सहा मीटरांची सवय असते, आणि त्याच पायाने हंगामात चाळीस मीटरांची गाडी चालवायची असते. वेग ३० वर नेला तर चाळीसचे जवळपास ५८ मीटर होतात, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाकांना शेतातला चिखल लागलेला असेल, रस्त्यावर पाचट पडलेले असेल किंवा पहाटेच्या दवाने डांबर ओले असेल, तर सत्तर टक्के पकड धरणेही उदारपणाचे ठरेल.

उतारावर हे गणित जास्त कठोर होते. आपल्याकडे रस्ते आखताना सपाट आणि उंचसखल भूभागात तीसला एक हा नेहमीचा चढ धरतात आणि वीसला एक, म्हणजे पाच टक्के, ही मर्यादा मानतात. पाच टक्क्यांच्या उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला पाच टक्के जोराने पुढे ओढते. ब्रेक आणि टायर मिळून मागे ओढतात सहा टक्क्यांनी. उरतो एक टक्का. त्या एका टक्क्यावर ताशी २५ किलोमीटरची गाडी थांबायला दोनशे मीटरांहून जास्त अंतर घेते. उतार पंधराला एक असेल तर ती थांबतच नाही, उलट वेग घेत जाते. ‘ब्रेक फेल झाला’ असे अपघातानंतर म्हटले जाते, तेव्हा पुष्कळदा ब्रेक आपले काम चोख करत असतो. त्याच्याकडून होण्यासारखे ते काम नसते, एवढेच.

मग हीच गाडी तोच उतार चढाच्या बाजूने कशी चढते, असा प्रश्न कोणालाही पडेल, आणि तो विचारण्यासारखा आहे. ओढताना ट्रॉलीचा ताण हूकमधून ट्रॅक्टरला मागे खेचतो, त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार मागच्या चाकांवर सरकतो. चढावर जड ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचे तोंड हलके होते, स्टिअरिंग सैल लागते, ते याच कारणाने. ट्रॅक्टरचा जवळजवळ सगळा भार मागच्या चाकांवर आला की पकड वाढते आणि गाडी रेटत वर जाते. ब्रेक लावताना नेमके उलट होते: मागचे वजन पुढे ढकलते, भार पुढच्या चाकांकडे सरकतो आणि ज्या चाकांना ब्रेक आहेत तीच हलकी होतात. त्यामुळे जो चढ ट्रॅक्टर तोंड वर करत का होईना चढला, तो उतरताना त्याच्या हाती राहीलच असे नाही. गाडी चढली म्हणजे उतरेल, हा अनुभवाचा वाटणारा निष्कर्ष धोकादायक आहे तो इथे. ओढण्याची परीक्षा पास झालेली गाडी थांबवण्याच्या परीक्षेला बसलेलीच नसते.

ट्रॉलीची बनावटही यात भाग घेते. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार दांडीवरून हूकवर येतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर पडतो आणि थोडी पकड वाढवतो. अमेरिकेत पिकअप ट्रकमागे चाकांवरचे घर जोडून हिंडणारी कुटुंबे असतात. त्यांच्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हूकवर पडावा हा तिथला प्रसिद्ध नियम आहे. हूकवर भार कमी पडला, म्हणजे सामान मागे जास्त भरले, तर ट्रेलर वेगात शेपटासारखा हलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही हलवतो. आपल्या दोनचाकी ट्रॉलीत ऊस मागच्या फाळक्याकडे जास्त रचला तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची उरलीसुरली पकडही जाते. चारचाकी ट्रॉली आपला सगळा भार आपल्याच चाकांवर पेलते. मोकळ्या रस्त्यावर ती शांत चालते, पण हेडला ती कसलीच मदत करत नाही. थांबवताना तिचे सगळे वजन परके असते. दोन चारचाकी ट्रॉल्या म्हणजे वीस टनांचे परके वजन.

हे वजन मागून ढकलते तेव्हा काय होते ते बारकाईने पाहायला हवे. शेतकऱ्याच्या उजव्या पायाखाली ट्रॅक्टरच्या ब्रेकची दोन पेडले असतात, एक डाव्या चाकाचे, एक उजव्या चाकाचे. नांगरताना बांधापाशी कमी जागेत वळायचे तर एकच पेडल दाबतात. ते चाक थांबते आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती फिरतो. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडले एका लहानशा पट्टीने जोडायची असतात, म्हणजे पाय कुठेही पडला तरी दोन्ही चाके सारखी अडतात. ही पट्टी बोटभर लांबीची असते आणि ती लावायला दोन सेकंद पुरतात. शेतातून थेट रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरवर ती उघडीच राहते. मग घाईत पाय एका पेडलवर जास्त पडला की एक चाक अडते, ट्रॅक्टर एका बाजूला वळू लागतो, आणि मागचे वीस टन त्याला त्याच बाजूला ढकलत राहतात. हेड आडवे होते, दांडी त्याच्या चाकाला येऊन भिडते आणि हेड उलटते. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असता तर तिने ढकललेच नसते. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय याहून वाईट, कारण गिअरमध्ये असताना इंजिन जी थोडी ओढ धरते तीही त्यात जाते. एवढ्या वाचवलेल्या डिझेलची किंमत कोणत्याही हिशोबाने परवडणारी नाही.

हूकच्या पिनेबद्दल आणि रात्रीच्या दिव्यांबद्दल थोडक्यात. पिन खालून बंद करणारी क्लिप हरवली की तिच्या जागी खिळा किंवा तार येते, आणि खड्ड्यात आदळून ती निसटली की ट्रॉली सुटते. म्हणून दांडीपासून हेडपर्यंत वेगळी साखळी हवीच. ट्रॉली ओढायची ती खालच्या हूकलाच. आखाच्या वर कुठेही बांधून चिखलातून जोर लावला तर ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरून उभा राहतो आणि पाठीवर पडतो. हे घडायला दीडेक सेकंद लागतो; क्लच दाबायची बुद्धी होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. रात्री मागे लोंबणारा ऊस ट्रॉलीचे दिवे आणि रेडियम झाकतो, पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात रस्त्यावरच उभी राहते आणि मोटारसायकलवाला तिच्यावर जाऊन आदळतो. यावर दरवर्षी बोलले जाते, कारखान्यांवर रेडियम लावण्याच्या मोहिमा होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण रेडियम मागून येणाऱ्याला वाचवते. ट्रॉलीच्या पुढे जे आहेत, शाळेतून घरी निघालेली पोरे, आठवडी बाजाराची गर्दी, ट्रॅक्टरच्या सीटवरचा स्वतः चालक, त्यांना ब्रेकच वाचवू शकतो.

वर धरलेल्या बावीस टनांच्या गाडीतल्या दोन्ही ट्रॉल्यांना बेताचे ब्रेक बसवले, असे ब्रेक की ट्रॉलीच्या वजनाच्या फक्त पंचवीस टक्के जोराने अडवतील, तर ताशी २५ किलोमीटरवरून थांबण्याचे अंतर चाळीस मीटरांवरून आठ-नऊ मीटरांवर येते. कारण आता थांबवण्याचे काम मागच्या तेराशे किलोंवर न सोडता वीस टन स्वतःच करतात. जितका भार जास्त तितकी त्या चाकांची पकडही जास्त. याउलट ब्रेक न बसवता एक ट्रॉली काढून टाकली, म्हणजे ऊस निम्मा केला, तर अंतर चाळीसवरून फक्त २६ मीटरांवर येते. निम्मा ऊस सोडून जे साधत नाही ते ब्रेकने साधते. पाच टक्क्यांच्या उतारावर तर ब्रेकवाल्या दोन ट्रॉल्या सुमारे दहा मीटरांत थांबतात, आणि बिनब्रेकची एकच ट्रॉली पन्नास-साठ मीटर जाते.

जगात इतरत्र हे कायद्याने मान्य झालेले आहे. युरोपात रस्त्यावरच्या ट्रेलरना लागू असलेल्या नियमांनुसार ७५० किलोंपर्यंतचा हलका ट्रेलर बिनब्रेकचा चालतो. त्याच्या वर साडेतीन टनांपर्यंत धक्क्यावर चालणारा ब्रेक चालतो, म्हणजे ट्रेलर पुढे ढकलू लागला की दांडीतली सरकती नळी दबते आणि त्याच जोराने चाके अडतात. साडेतीन टनांच्या वर हा प्रकारही पुरेसा मानत नाहीत. चालकाला एका पायाने ओढणारी गाडी आणि ट्रेलर दोन्ही एकदम अडवता यावेत, आणि ट्रेलर सुटला तर त्याचा ब्रेक आपोआप लागावा, अशी अट आहे. आपली भरलेली उसाची एक ट्रॉली दहा टनांची असते. म्हणजे तिला हवा तो हवेवर किंवा तेलाच्या दाबावर चालणारा, हेडच्या पेडलला जोडलेला ब्रेक. यात नवलाचे काही नाही. ट्रकला तो वर्षानुवर्षे आहे, आणि ट्रॉलीचा हौदा उचलणारी तेलाच्या दाबाची यंत्रणा ट्रॅक्टरमध्ये आधीच आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: ट्रॅक्टर हळू चालतो, इतकी वर्षे चालला, अपघात होतात ते चालकाच्या निष्काळजीपणाने. चालकाचा दोष नसतोच असे नाही. टेप मोठ्याने लावणे, झोप न घेता तिसरी खेप करणे, पिऊन चालवणे, हे सगळे घडते. पण वरचा हिशोब सावध, पुरेशी झोप घेतलेल्या, ताशी २५ च्या वर न जाणाऱ्या चालकासाठी केलेला आहे. त्याचीच गाडी चाळीस मीटर जाते. इतकी वर्षे चालले याचा अर्थ समोर काही आडवे आले नाही, एवढाच होतो. रस्ते आता बदलले आहेत. धुळे-सोलापूर मार्ग चौपदरी झाला, जिल्ह्यातले आतले रस्ते डांबरी आणि रुंद झाले, मोटारसायकली घरोघरी आल्या. बैलगाडीच्या वाटेवर जे चालून जायचे ते या रस्त्यावर चालणार नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला, हप्ता हंगामातल्या वाहतुकीतून भरायचा, त्यात आणखी हा खर्च कशाला? वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून वजन वाढते. वजन कमी करा म्हणणाऱ्याने हप्ता भरून दाखवावा. हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच इथे सगळा भर वजन कमी करण्यापेक्षा ब्रेकवर दिला आहे. नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरणे बेकायदेशीर आहेच. मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात त्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये आणि जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. पण निव्वळ दंडाने वजन कमी केले तर खेपा वाढतात, रस्त्यावर गाड्या वाढतात आणि धोका फक्त वेगळ्या ठिकाणी सरकतो. ब्रेकने तसे होत नाही. राहिला खर्च. तो ट्रॅक्टर मालकाच्या एकट्याच्या अंगावर टाकण्याचे कारण नाही, कारण ही वाहतूक त्याची एकट्याची नाही. ती कारखाना ठरवतो, तिचा करार कारखाना करतो आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी ऊस उत्पादकाला मिळणाऱ्या दरातून, म्हणजे एफआरपीतूनच, कापला जातो. टनामागे काही पैसे ब्रेकसाठी बाजूला काढणे कारखान्याच्या हातात आहे, आणि ट्रॉल्या बनवणारे बहुतेक स्थानिक कारागीर आहेत. मागणी पक्की झाली की ते बनवतील.

तिसरा आक्षेप: ब्रेक बसवले तरी सांभाळणार कोण? दोन हंगामांत नळ्या फुटतील आणि चालक तेवढ्यावर विसंबून जास्त वेगाने जाईल. हा धोका खरा आहे. नादुरुस्त ब्रेक हा नसलेल्या ब्रेकपेक्षा वाईट, कारण तो खोटा भरवसा देतो. यावर उपाय तपासणीचा, आणि ती अवघड नाही. यार्डात सपाट जागेवर चुन्याची एक रेघ मारायची, ताशी २० किलोमीटर वेगाने येऊन रेघेवर ब्रेक दाबायचा, आणि दहा मीटरांवर दुसरी रेघ. ब्रेकवाली भरलेली गाडी पाच-सहा मीटरांत उभी राहील. बिनब्रेकची पंचवीस मीटरांच्या पुढे जाईल. यात मतभेदाला जागा नाही आणि यंत्राचीही गरज नाही, एक टेप पुरते. हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि मध्ये अधूनमधून ही परीक्षा घेतली तर नळी फुटलेली कळल्याशिवाय राहणार नाही.

उपाय हाताशी असला तरी माणसे स्वतःहून बदलत नाहीत, हे रेल्वेच्या इतिहासात दिसते. जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेचा ब्रेक १८६९ मध्येच काढला होता, आणि पुढच्या काही वर्षांत डबा सुटला तर आपोआप लागणारा ब्रेकही तयार झाला. तरी ब्रिटनमधल्या कित्येक कंपन्या खर्चाचे कारण देऊन साधे ब्रेक वापरत राहिल्या. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ मुलांनी भरलेली सहलीची गाडी चढावर अडकली. इंजिनाला वजन झेपेना म्हणून गाडीचे दोन भाग केले. मागचा भाग शेवटच्या डब्यातल्या हातब्रेकवर आणि चाकांखाली घातलेल्या दगडांवर उभा ठेवला. पुढच्या भागाचा थोडा धक्का लागला, दगड चिरडले, डबे उतारावरून मागे सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशीच्या आसपास माणसे मेली, त्यांत लहान मुले पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांच्या प्रत्येक डब्याला आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. सोय वीस वर्षे हातात होती. चाकाखाली दगड लावून चढावर उभी केलेली ट्रॉली मराठवाड्यात आजही कोणत्याही रस्त्यावर दिसते.

सक्ती करायची तर ती कोणी आणि कुठे, या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या काट्यावर आहे. आरटीओचे पथक रस्त्यावर किती गाड्या थांबवणार? काट्यावर मात्र प्रत्येक गाडी दोनदा येते, एकदा भरलेली, एकदा रिकामी. गाडीचा नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन, वेळ, सगळे पावतीवर छापले जाते. कुठल्या हेडमागे किती टन रस्त्यावरून आले याची नोंद राज्यात कुठे अचूक असेल तर ती कारखान्याच्या संगणकात आहे. ती आज पैशासाठी वापरली जाते. तीच नोंद नोंदणीपुस्तकातल्या वजनाशी ताडून पाहायला आणि ब्रेक-तपासणीचा शिक्का असलेल्या ट्रॉलीलाच नंबर द्यायला वापरता येईल. मोटार वाहन कायद्याच्या ६१ व्या कलमाप्रमाणे ट्रॉलीला स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो, तो तिच्या बाजूवर लिहायचा असतो आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर मागे दिसायला हवा. नंबर नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये, इतकी साधी अट जरी पाळली तरी कोणती ट्रॉली तपासली आणि कोणती नाही हे कळू लागेल. जिल्हा प्रशासन, साखर आयुक्तालय आणि कारखाने यांनी मिळून हे एका हंगामात करता येण्याजोगे आहे.

एक प्रश्न मात्र ब्रेकनेही सुटत नाही. दसऱ्यानंतर अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून, आणि शेजारच्या बीडमधून, ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटककडे निघतात. पत्रे, भांडी, गोधड्या, शेळ्या आणि त्यांच्यावर बसलेली बाया-लेकरे, असे सगळे बिऱ्हाड एका ट्रॉलीत चढते आणि शेकडो किलोमीटर जाते. अमेरिकेत बसण्या-झोपण्याच्या सोयीने बांधलेला ट्रॅव्हल ट्रेलर असला तरी बऱ्याच राज्यांत तो चालत असताना आत माणूस बसवायला मनाई आहे. आपल्या ट्रॉलीला ना सीट, ना छत, ना धरायला काही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत पडला आणि सात शेतमजूर महिला बुडाल्या. ट्रॉली उलटली की हौद्यातला माणूस तिच्याखाली जातो. त्यावर वेग, ब्रेक, चालकाचे कौशल्य, कशाचाच उतारा नाही. माणसे ट्रॉलीत असू नयेत एवढाच उपाय आहे, आणि तो आवाक्यातला आहे. एका टोळीत दहा-बारा कोयते, म्हणजे जोडपी, धरली तर वीस-पंचवीस मोठी माणसे आणि त्यांची लेकरे एका एसटीत बसतात. लग्नाच्या वऱ्हाडाला आणि शाळेच्या सहलीला एसटी प्रासंगिक करारावर मिळते, तशीच ती टोळीलाही मिळू शकते. टोळी कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेला निघणार हे मुकादमाला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना कारखान्याला ठाऊक असते. गाडीचे भाडे त्याच करारात लिहावे, मजुराच्या उचलीतून कापू नये, आणि परतीच्या प्रवासालाही तेच लागू असावे. पत्रे, भांडी आणि गोधड्या ट्रॉलीतून जातील.